घरगाडीच्या पोटातली दुसरी टाकी

कोकणातून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, घरगाडीतली सहल कशी झाली? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा हेवा असतो. त्याच्या डोळ्यांसमोर समुद्र, नारळीची बाग आणि तिच्या सावलीत उभं असलेलं चाकांवरचं घर असतं. मी "छान झाली" म्हणून विषय बदलते, कारण रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि मधुकर, म्हणजे माझा नवरा, हळूच माझा दंड धरतो. म्हणून आता बसून लिहिते आहे. लिहिताना दंड धरायला कोणी येत नाही.

ही सहल माझ्या मोठ्या बहिणीसाठी होती. सुशीलाअक्काची उमेदीची वर्षं दापोलीजवळ बुरोंडीला प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. मग बदली होऊन ती कराडला आली, इथेच निवृत्त झाली, आणि एके दिवशी न्हाणीत घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन ती चालायलाही लागली, पण खाली बसणं कायमचं बंद झालं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लग्न असो, बारसं असो, अक्का एकच विचारायची, "तिथं कमोड आहे का?" आणि नसला की म्हणायची, "मग तुम्ही जाऊन या." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणायची की त्यामागे काय आहे हे कळायला मला फार वेळ लागला. बुरोंडीची तिची एक विद्यार्थिनी, मालती, दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवायची आणि फोनवर विचारायची, बाई, कधी येताय? अक्का दर वेळी म्हणायची, बघू.

मग मधुकरला पुण्यातल्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे जीपला मागे जोडायची एक परदेशी घरगाडी भाड्यानं मिळत होती. आत झोपायला बाकं, गॅसची शेगडी, भांडी धुवायची मोरी आणि एका कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी, तिच्यात कमोड. या गृहस्थांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना तेवढीसुद्धा प्रसिद्धी माझ्याकडून मिळायला नको. त्यांना मी मालक म्हणेन.

मालकांनी आम्हाला घरगाडी फार हौसेनं दाखवली. गुबगुबीत अंगाचा, परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांतला माणूस. मी त्यांना विचारलं, "सांडपाणी कुठे जातं?"

"मागे टाकी आहे ना, ताई. सगळं त्या एका टाकीत. काळी, मोठी, ही बघा. भरली की योग्य जागी रिकामी करायची."

"मोरीचं, अंघोळीचं, सगळं यातच?"

"सगळं यातच. खाली वाकून बघायची वेळच येणार नाही तुमच्यावर."

मी गॅसच्या एजन्सीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. गळतीच्या तक्रारी ऐकणं हेच माझं काम. एखादा माणूस न विचारता "बघायची वेळच येणार नाही" म्हणाला की माझे कान टवकारतात. पण त्या वेळी अक्का कमोडच्या शेजारची दांडी हातानं दाबून बघत होती आणि मला म्हणाली, "अगं, घट्ट आहे की." तिच्या चेहऱ्याकडे बघून मी पुढचं काही विचारलं नाही.

कुंभार्ली ते चिपळूण

कराडहून निघालो तेव्हा फेब्रुवारीची कोवळी थंडी होती. कुंभार्ली घाट जीप आणि मागचं धूड घेऊन उतरताना मधुकरनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. वळणावर समोरून एसटी आली की तिचा ड्रायव्हर आधी आमच्याकडे बघे, मग मागच्या घराकडे, आणि मग खिडकीतून हात काढून आम्हाला थांबायला सांगे. घाट उतरला तशी हवा बदलली आणि मधुकरचा नवा मोबाइल मुका झाला. पुढे सगळी सहल त्याचा उपयोग घड्याळापुरताच झाला.

चिपळूणला एका ओळखीच्यांच्या अंगणात मुक्काम केला. सकाळी अक्का उठली ती ओली चादर हातात घेऊन. तिच्या बाकाखालून चांगल्या पाण्याची नळी गेली होती, तिचा जोड रात्रभर झिरपत होता. आता रात्रभर ओल्यात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसानं सकाळी काय म्हणावं? अक्का म्हणाली, "मला वाटलं, माझंच काही झालं." ती हसत होती, पण मला हसू आलं नाही. ज्या कारणासाठी तिनं घराबाहेर पडणं सोडलं होतं, नेमकी तीच लाज तिला पहिल्याच सकाळी वाटून गेली होती. बाकाची फळी उचलून मी पाहिलं. जोडावर सुतळी गुंडाळून वरून रंग फासला होता. रंग, म्हणजे कुणालातरी हे गळतंय हे ठाऊक होतं आणि ते दिसू नये एवढीच त्याची इच्छा होती.

मधुकरनं बाजारातून टेपची गुंडाळी आणि सायकलची जुनी ट्यूब आणली. आम्ही जोड बांधला आणि निघालो.

लोटे

परशुराम घाट चढून वर आलो आणि लोट्याच्या कारखान्यांच्या वसाहतीपाशी नेमकी पाळी सुटायच्या वेळेला पोचलो. समोरून कंपन्यांच्या बसगाड्या ओळीनं बाहेर पडत होत्या आणि त्यांच्या तोंडावर आमचं चाक रस्त्याकडेच्या चरात उतरलं. ना पुढे, ना मागे. कराडला अशा वेळी आधी हॉर्न वाजले असते आणि मग शिव्या. इथे दोन बसमधून निळ्या कपड्यांतली माणसं उतरली, काय आहे कसं आहे करत घरगाडीला खांदे लावले आणि ती बाहेर काढली. त्यातला एक जण खाली वाकून म्हणाला, "मावशी, खालनं पाणी ठिबकतंय तुमच्या."

"जोड बांधलाय आम्ही," मी म्हणाले.

"जोडाचं नाय वाटत. वास येतोय."

मी खाली वाकले तोपर्यंत ठिबकणं थांबलं होतं. मागच्या बसनं दिवा दाखवला आणि आम्हाला निघावं लागलं.

खेडला पुन्हा थांबून खाली पाहिलं. काळी टाकी कोरडी होती. मधुकर म्हणाला, चरातलं पाणी लागलं असेल. मी मान हलवली. फेब्रुवारीत चरात कुठलं पाणी, हे मला दापोलीच्या चढावर सुचलं.

बुरोंडी

बुरोंडीत शिरताना जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींमधून, रस्ता इतका चिंचोळा होतो की घरगाडीच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा उरली नाही. शेवटच्या वळणावर आम्ही एका गडग्याचे वरचे दोन दगड पाडले. गडग्याच्या मालकीणबाई बाहेर आल्या, दगडांकडे बघितलं, मग जीपमध्ये बसलेल्या अक्काकडे. "अगो, बाई काय या?" एवढं म्हणून त्या धावत पुढे मालतीला सांगायला गेल्या. दगडांचं कुणी नावही काढलं नाही.

मालती आता पन्नाशीला आलेली, काटक, पायात चप्पल नसलेली बाई. अक्काला जीपमधून उतरताना बघून ती आधी नुसती उभी राहिली. मग पुढे येऊन तिनं अक्काच्या काठीचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुमी किती बारीक झालाव."

"तू मात्र अजून अनवाणीच," अक्का म्हणाली. "वर्गात किती वेळा सांगितलं होतं."

तिचं घर उतारावर आहे. वर खळं, म्हणजे सारवलेलं अंगण. खाली पोफळीची आणि नारळीची बाग, आणि बागेच्या तोंडाशी विहीर. घरगाडी खळ्याच्या कडेला लावली. मालतीचा नवरा सदानंद लोट्याला एका कंपनीत पाळीवर असतो, तिथेच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. मुलं मुंबईला. त्यामुळे घरात ती एकटी, आणि आम्ही आल्याचा तिला झालेला आनंद स्वयंपाकात उतरला. पहिल्या रात्री तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांची उसळ, दुसऱ्या दिवशी बंदरावरून आणलेल्या ताज्या बांगड्यांचं तिखलं. आम्ही घाटावरचे लोक माशात खोबरं भरभरून घालतो आणि त्याला कोकणी म्हणतो. मालतीनं नुसती तिरफळं, मिरची आणि आमसूल घातलं होतं. मधुकरनं तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मला त्याच्याकडे बघावं लागलं.

ते दोन दिवस चांगले गेले हे मी प्रामाणिकपणे सांगते. अक्का तिच्या शाळेत गेली, जुन्या वर्गाच्या दारात उभी राहिली. गावातल्या बायका येऊन तिला आपापल्या नातवंडांची नावं सांगून गेल्या. ती घरगाडीत अंघोळ करायची, कमोड वापरायची, आणि कुणाला काही न विचारता दिवसभर हिंडायची. मी तिला इतकी मोकळी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तिसऱ्या सकाळी मी मागीलदारी गेले तर मालती हंड्यात नाक घालून उभी होती. मला बघितल्यावर तिनं हंडा बाजूला सारला.

"काय झालं?"

"काय नाय, ताई."

"मालती, सांग."

"हिरीचां पाणी वेगळां लागतंय. साबणासारखां. माजंच नाक असेल."

मी ओंजळीत पाणी घेतलं. तिचं नाक ठीक होतं. साबण होता, आणि साबणाच्या मागे दुसरं काहीतरी शिळं, आंबूस, लोट्यावरच्या माणसानं सांगितलेलं.

ज्यांनी कोकणातल्या विहिरी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कराडला कृष्णा आहे, कोयना आहे, नळ सोडला की पाणी येतं आणि ते कुठून येतं याचा आम्ही विचार करत नाही. इथे पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो की गावं धुऊन निघतात, पण जांभा दगड चाळणीसारखा असतो. पाणी वरून आत जातं, आतून समुद्राकडे. फेब्रुवारीपासून विहिरीत जे असेल ते मृगापर्यंत पुरवायचं. घराचं पिणं, गुरं, पोफळी, सगळं त्यावर. आणि त्या चाळणीच्या वरच्या टोकाला आम्ही आमची घरगाडी लावली होती.

अक्का तिथेच खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. "मी अंघोळ केलेलं पाणी तिच्या विहिरीत गेलं?" तिनं विचारलं. मालती म्हणाली, "जाऊं दे हो बाई, उपसा काढू." आणि मला जो राग आला तो तेव्हापासून आजपर्यंत उतरलेला नाही. ज्या बाईची लाज वाचावी म्हणून हा सगळा खटाटोप केला, तिच्याच नावावर हे पाप लिहिलं जात होतं.

गाडीखाली

योगानं त्याच दिवशी सदानंद सुट्टीला आला. मितभाषी माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या कंपनीत नळ गळला तर पाळी थांबवतात. हितं कुनी थांबवायची?" मग त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला.

काळी टाकी उघडून पाहिली. तिच्यात कमोडचं पाणी होतं, तेवढंच. मग मोरीचं आणि अंघोळीचं कुठे गेलं? बाहेर तर कुठेच थेंब नव्हता. खळं कोरडं, चाकं कोरडी. मालकांनी सांगितलं होतं, सगळं एका टाकीत. सगळं त्या टाकीत नव्हतं आणि जमिनीवरही नव्हतं.

मी मालतीकडून कपड्यांची नीळ मागून घेतली आणि स्वयंपाकघरातली हळद. मोरीत निळीचं पाणी ओतलं, न्हाणीत हळदीचं. वापरलेल्या पाण्याइतकं व्हावं म्हणून ओतत राहिले. मग अंगावर जुना सलवार-कमीज चढवून, गोणपाट अंथरून मी घरगाडीखाली शिरले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गाडीखाली उताणं पडून समुद्राचा आवाज ऐकायचा, हे सहलीच्या बेतात नव्हतं. सदानंद दुसऱ्या बाजूनं आला. मधुकर बॅटरी धरून बसला आणि दर थोड्या वेळानं "दिसलं का?" विचारत राहिला.

बराच वेळ काही दिसेना. दोन्ही चाकांच्या मधल्या भागाला काळा रंग दिलेला सपाट पत्रा होता. मी तो गाडीचा तळ समजत होते. सदानंदनं पान्याच्या मुठीनं त्याच्यावर ठोकलं. पुढच्या बाजूला पोकळ आवाज आला. मधोमध आला तो भरल्या हंड्यासारखा, दबका.

"ताई," तो म्हणाला, "ह्याच्या आत काय तरी हाय."

तेवढ्यात मला रेघ दिसली. पत्र्याच्या वरच्या कडेतून निघून लोखंडी आडव्या पट्टीच्या खोबणीतून एक निळी रेघ सरळ पुढे चालली होती. तिच्या शेजारून दुसरी, तांबडी. मला क्षणभर कळेना की मी तांबडं कधी ओतलं. तसं मी ओरडून म्हणाले तेव्हा बाहेर खुर्चीत बसलेल्या अक्कानंच सांगितलं, "हळद आहे ती. साबण लागला की लाल होते. तिसरीच्या मुलांना दाखवायचे मी." दोन्ही रेघा गाडीच्या अगदी पुढच्या, टेकू म्हणून जमिनीला लावलेल्या लोखंडी पायापर्यंत जात होत्या आणि त्या पायावरून खळ्याच्या कडेला, पालापाचोळ्याच्या ढिगाखाली उतरत होत्या. ढीग बाजूला सारला. खाली जांभ्यातली भेग होती, हात जाईल एवढी, ओली, विहिरीच्या दिशेनं उतरत गेलेली.

सदानंदनं छिन्नीनं पत्र्याचे रिबीट तोडले. पत्रा खाली आला आणि त्याच्या मागे टाकी. जुनी, पांढुरकी, बाजूवर परदेशी अक्षरं, काळ्या टाकीच्या दुप्पट. तोंडापर्यंत भरलेली. वरच्या जोडाला चीर गेली होती आणि आम्ही आत ओतलेलं प्रत्येक तांब्याभर पाणी, आतलं तितकंच जुनं पाणी त्या चिरेतून बाहेर ढकलत होतं. वास असा होता की मधुकरनं बॅटरी खाली ठेवली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. ते आमचं पाणी नव्हतं. आमच्या आधी कोण कोण त्या गाडीत राहून गेलं, काय काय धुऊन गेलं, कुणास ठाऊक. ते सगळं आम्ही घाटावरून ओढून मालतीच्या विहिरीच्या उशाशी आणून ठेवलं होतं.

आणि टाकीच्या खाली, रिकामी करायची जी तोटी असते, ती चिंधी कोंबून वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून पक्की बंद केलेली होती. लांबीवरही तोच काळा रंग. चिपळूणच्या जोडावरचा हात आणि हा हात एकच असावा.

मी तशीच, अंगाला चिखल लागलेली, बाजारातल्या टेलिफोन बूथवर गेले.

मालक आधी म्हणाले, अशी टाकीच नाही. मग मी तिचं वर्णन केलं तेव्हा म्हणाले, "हां, ती जुनी. ती बंद केलेली आहे, ताई. तिचा काही संबंध नाही."

"तिच्यात मोरीचं आणि न्हाणीचं पाणी जातं. ती भरून वाहते आहे. तुम्ही तिची तोटी बुजवलीत."

"ती तोटी खराब झाली होती. पार्ट मिळत नाही इकडे. तुम्ही जरा पाणी कमी वापरायला हवं होतं."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. खिडकीच्या अलीकडे बसून मी माझ्या साहेबांना ते लोकांना ऐकवताना ऐकलं आहे. मी म्हणाले, "इथल्या बाईंची पिण्याची विहीर बाटली आहे."

मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, कोकणात एवढं पाणी असतं. मुरून जातं. कुणाला कळतही नाही."

मला अजून कुणी विचारलं की एवढा राग कशाचा, तर मी हे वाक्य सांगते. चूक झाली म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. कळतही नाही, म्हणाले. म्हणजे हा हिशेब आधीच करून झाला होता.

मी म्हणाले, "घरगाडी इथून हलणार नाही. तुम्ही येऊन घेऊन जा." आणि फोन ठेवला. बूथवाल्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि न मागता चहा सांगितला.

दाभोळ

मालक येईपर्यंत आमच्या हातात काही नव्हतं असं नाही. सदानंदनं शेजाऱ्यांकडून डिझेलचं इंजिन आणलं आणि विहिरीचा उपसा सुरू केला. वर्षभर जपायचं पाणी पडीक जमिनीत सोडून द्यावं लागत होतं, आणि गावातली माणसं उभी राहून नुसती बघत होती. मालती वरच्या आळीतल्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणत होती. चढ उभा आहे. मी एक कळशी घेऊन गेले आणि निम्म्या वाटेत दोनदा टेकले.

अक्कानं घरगाडीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. "त्या कपाटात मी परत जाणार नाही," ती म्हणाली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला आणि तो कुणीच मोठ्यानं विचारेना. मालतीनं तो न विचारताच सोडवला. ती घरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागीलदारी गेली, सदानंदला करवत दिली, आणि खुर्चीच्या बैठकीला गोल भोक पाडून, कडा कानशीनं घासून, ती संडासात भांड्यावर नेऊन ठेवली. चार पाय नीट बसले. अक्का आत जाऊन आली. मग मला म्हणाली, "इतकी वर्षं मी घरात बसले." मला तिच्यासाठी आनंद झाला, आणि तिच्या गेलेल्या वर्षांसाठी संतापही. दोन्ही एकदमच आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिला नुसत्या जीपनं दाभोळला नेलं. धक्क्यावर मचवे लागलेले, जाळी वाळत घातलेली, खाडीच्या मुखातून आत येणाऱ्या भरतीवर पलीकडच्या वेलदूरहून येणारी लाँच डुलत होती. नोकरीच्या काळात अक्का सुट्टी लागली की इथून बोटीनं निघायची. तिनं एका कोळणीकडून सोडे, म्हणजे वाळवलेली कोलंबी, घेतले, घासाघीस करताना तिची बोली आपोआप बदलली, आणि कोळीण म्हणाली, "बाय, तू आमच्याकडचीच की." एवढ्या सुंदर जागी बसून मी मात्र वाशिष्ठीच्या खाडीकडे बघत हाच विचार करत होते की या पाण्यात वरून काय काय, कोण कोण, कळणार नाही म्हणून सोडत असेल. रागानं माणसाचे डोळे बिघडतात. त्या खाडीवर मला रंग दिसायला हवे होते.

मालक आले

ते त्यानंतरच्या दिवशी दुपारी आले, मोटारीतून, ड्रायव्हर घेऊन, पुन्हा पांढऱ्या कपड्यांत. आल्या आल्या त्यांनी तोडलेल्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "हे कुणी केलं? गाडीची नासधूस केलीत तुम्ही."

मी तोंड उघडलं, पण खळ्यात खुर्ची टाकून बसलेली अक्का माझ्या आधी बोलली. तिनं आवाज चढवला नाही. "तुम्ही इकडे या. खाली बघा."

"मला माहीत आहे काय आहे ते."

"माहीत आहे हे आम्हालाही कळलं. आता बघा."

ते वाकले. वाकून उठले तेव्हा नाकाला रुमाल होता. अक्का म्हणाली, "सदानंदनं तिकडे पडीक रानात खड्डा खणलाय, विहिरींपासून लांब. ही टाकी तिथे रिकामी करायची. बादल्या इथे आहेत."

मालकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "अरे, घे."

"त्यांना नाही सांगितलं मी," अक्का म्हणाली. "तुम्हाला सांगितलं."

खळ्याच्या गडग्यापलीकडे निम्मी वाडी उभी होती. अक्का तशीच त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या मुलानं फळा पुसावा म्हणून वाट बघावी तशी. मालकांनी घड्याळ काढून ड्रायव्हरकडे दिलं, बाह्या वर केल्या आणि बादली उचलली. सदानंदनं लांबी फोडून तोटी मोकळी केली आणि तो मुकाट्यानं दुसरी बादली घेऊन त्यांच्याबरोबर चालू लागला. हे मला आवडलं नाही. पण काम मोठं होतं आणि सदानंदला ते संपवायचं होतं.

टाकी रिकामी झाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मालक पडवीच्या पायरीवर टेकले. पांढरे कपडे बघवत नव्हते. त्यांनी मालतीला विचारलं, "थोडं पाणी मिळेल का?"

मी मनात म्हणाले, नाही म्हण. मालती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. तिनं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. वरच्या आळीतनं आणलेलां हाय, डोक्यावरनं. आमच्या हिरीचां असतां तर गार असतां."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती फक्त सांगत होती. मालक भांडं हातात धरून त्या उभ्या चढाकडे बघत राहिले. मग प्यायले, आणि भांडं खाली ठेवताना म्हणाले, "वहिनी, चूक झाली." मी असते तर पाणी दिलं नसतं, हे मी इथे लिहून ठेवते. आणि त्यांनी ते म्हणायला एवढा वेळ लावला, हेही.

ते घरगाडी घेऊन गेले. नवी तोटी बसवल्याशिवाय ती कुणाला देणार नाही, असं अक्काला वचन देऊन गेले. त्या वचनावर माझा विश्वास नाही, म्हणून तर हे लिहिते आहे. तुम्ही कधी अशी गाडी घेतलीत तर आधी खाली वाका आणि पत्र्यावर ठोकून बघा.

परत

आम्ही निघालो तेव्हा अक्का आमच्याबरोबर आली नाही. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली होती, पाणी पुन्हा भरत होतं आणि दापोलीला तपासायला द्यायचं होतं. "पाणी चांगलं निघेपर्यंत मी इथेच," ती म्हणाली. मालतीला त्याची गरज नव्हती. पण अक्काला होती. शेजारची मुलं संध्याकाळी तिच्याकडे पाढे म्हणायला यायला लागली होती. ती गडग्याला टेकून उभी होती आणि जीप वळेपर्यंत तिनं हात हलवला.

मार्च उतरत असताना एका दुपारी एजन्सीत माझ्या खिडकीवरचा फोन वाजला. बूथवरून अक्का बोलत होती, मागून बाजाराचा कलकलाट ऐकू येत होता.

"पाणी शुद्ध आहे म्हणतात," ती म्हणाली. "मी आज प्यायले. गोड आहे, अगदी पूर्वीसारखं. यंदा पोफळींना थोडं कमी पडेल, पण पिण्याचं निभेल असं सदानंद म्हणतो."

"तू कधी येणार?"

"बघू," ती म्हणाली. या वेळचं बघू वेगळं होतं. मग तिनं विचारलं, "तुझा राग गेला का गं?"

खिडकीपलीकडे एक बाई गळक्या सिलिंडरची तक्रार घेऊन उभी होती आणि आमच्या साहेबांनी तिला नुकतंच सांगितलं होतं की ती नीट वापरत नसेल.

"नाही," मी म्हणाले. "ठेवते फोन. इथे काम आहे."